एक काना

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये माझी अठ्ठावीस वर्षं
तपासणीच्या टेबलावर गेली.
शाई फुटली, रेघ अर्धा केस सरकली
की लाल पेन्सिल, आणि कागद बाद.
म्हणून मला लगेच ऐकू आलं
त्या सकाळी सायकल काढताना
तन्मयी म्हणाली, "पप्पा, जातो."

एक काना जास्त.

वाटलं, जीभ घसरली.
दुसऱ्या दिवशीही तोच काना.
दिवाळीनंतर वहीवरच्या नावाची वेलांटी गेली,
ब्लेडने, कागद फाटू नये
इतकी हळू खरवडून.
पंधरा वर्षांचं मूल.

दादा देवळालीहून आला.
"नाक कापलंस आमचं."
मी म्हटलं, या गावाचं नावच त्यावरून पडलं म्हणतात.
आणि गणपतीतल्या नाटकात
ती नाक कापलेली मीच झालो होतो,
आईचं लुगडं नेसून. कापणारा तू.
चहा न घेता गेला.

गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाईंनी
पहिली चाळीस मिनिटं मला बाहेर बसवलं.
मग म्हणाल्या, घाई नको,
पण थांबणं म्हणजे काहीच न करणं, असंही समजू नका.
औषधाचं विचारलं तर चष्मा पुसत राहिल्या.
"काही मुलांना फार उपयोग होतो.
काहींचं पुढे काय होतं, मला सांगता येत नाही.
आणि कायदा आला
तर एवढंही सांगता येईल की नाही, कोण जाणे."
सहा महिन्यांत इतकं खरं बोलणारं
एवढंच एक माणूस भेटलं.

शालिमारजवळच्या सभागृहात जाहीर चर्चा होती.
मी तिसऱ्या रांगेत, ओळखपत्र खिशात.
एक गृहस्थ म्हणाले, लेकरांच्या अंगावर प्रयोग चाललेत,
बाहेरून आलेलं खूळ आहे.
पुण्याहून आलेली मुलगी म्हणाली,
अडवाल तर ती जीव देतील,
आणि टक्केवारी वाचली.
टाळ्या दोघांनाही.
टक्केवारी ऐकताना मी
घरातल्या कपाटातली औषधं मनात मोजली.
खूळ ऐकताना आठवलं,
पंधराव्या वर्षी मीही साधू व्हायला त्र्यंबकला निघालो होतो,
अंजनेरीपाशी भूक लागली म्हणून परतलो.
हेही तसंच असेल का?
पण मला भूक लागली होती.
हे मूल जेवतच नाही.

माईक फिरत फिरत माझ्या हातात आला.
मी पुढे दिला.

मूल हा शब्द आपल्याकडे नपुंसकलिंगी.
ते आलं, ते रडलं, ते झोपलं.
गुरुजींनी छडी घेऊन घोकून घेतलं,
तेव्हा कुणाला राग नाही आला.
आता ते किती वर्षं 'ते' राहू शकतं
यावर समिती बसलीय म्हणे.
समितीला मुदतवाढ मिळाली.
अंगाला कोण देणार?

घरी मी हल्ली वाक्यं निवडून बोलतो.
डबा घेतलास? किल्ली ठेवलीस?
कधी येशील?
मराठीत अशा पळवाटा बऱ्याच आहेत,
शोधल्याशिवाय कळत नाहीत.
बायकोने ओळखलं. ती सरळ 'बाळा' म्हणते.
तिचं बरं आहे.

काल रात्रपाळीला कोऱ्या पासपोर्टांची थप्पी होती.
नाव नाही, फोटो नाही,
लिंगाच्या जागी काहीच नाही.
एकही बाद केला नाही.

सकाळी भोंगा झाल्यावर घरी आलो
तर मूल जिन्यात बूट बांधत बसलेलं.
"जातो, पप्पा," म्हणालं
आणि उठलं नाही.
नवीन माणूस पहिला कागद टेबलावर ठेवून
जसा उभा राहतो, तसं बघत राहिलं.

लाल पेन्सिल खिशात होती.
मी म्हटलं, "स्वेटर घे.
नदीकडून गार येतंय."