दोन गाण्यांच्या मधे

किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला दस्तगीरचं दुकान.
फळीवर तीन डबे, तिघांची तोंडं काळी,
तिघांच्या वायरी एकाच बॅटरीला.
बसलिंग म्हणाला, काका, नाव बघू नका, डोळे मिटा,
कानाला विचारा.

कानाला काय विचारणार.
वडगावात एकतीस वर्षं माग चालवले,
आधी दुसऱ्याचे चार, मग स्वतःचे दोन,
समोरच्याचं बोलणं ओठांवरून वाचायचो,
शिव्यासुद्धा.
माग भंगारात गेले, त्या पैशात थोडी भर घालून
ही जुनी वॅगनार घेतली.
भाड्यानं फिरवणार नाही, नीलव्वाला म्हटलं, आपण दोघंच फिरू.
पहिल्या मालकानं आपला डबा काढून नेला होता.
चौकोनी भोक, आत लोंबत्या रंगीत तारा,
बघितल्या बघितल्या मनातल्या मनात सांधून टाकल्या.
सवय.

पायोनिअर लावला.
"वरचं ऐका, झांज कशी विरत जाते, साखरेगत."
माझी झांज वाजली आणि तुटली.
विरणं वगैरे काही नाही, काठाशीच कात्री.
केनवूड लावला. ह्याच्यात अजून लांब जाते, म्हणाला.
कात्री तिथंच.
मी मान डोलावली.
पदर न उलगडता साडी पसंत करणाऱ्या गिऱ्हाइकांना
मी किती हसलोय.

मग दारावर तळवा ठेवला.
हाताला कळतं.
झोपेत जमिनीच्या थरथरीवरून सांगायचो,
पलीकडच्या मागाचा धोटा अडखळतोय.
केनवूडचा ढोल घट्ट, एका जागी पडणारा,
पायोनिअरचा जरा सैल, पण ऊबदार, धुतलेल्या सुतासारखा.
"बरोबर ओळखलात की ओ!" बसलिंग खूश.
चौदा हजार, दस्तगीर आतून म्हणाला, तुमच्यासाठी बारा.

तो तिसरा?

"तो नको काका. नाव कुणाला वाचता येत नाही त्याचं."
चालू केला तर खरंच, चिनी अक्षरं,
ना कन्नड ना मराठी,
म्हणजे बेळगावात ह्याचं कुणाशीच भांडण नाही.
तरी लाव, म्हटलं.
गाणं असं की पत्र्याच्या डब्यात शेंगा.
मग गाणं संपलं,
आणि दुसरं सुरू व्हायच्या आत
सूंऽऽ असा बारीक आवाज,
उकळी फुटायच्या आधीच्या पाण्याचा.

माझ्या डोक्यातला माग थांबला.

अकरा वर्षं डाव्या कानात शिट्टी आहे, रात्री जास्त.
डॉक्टर म्हणाले, औषध नाही, सवय करा.
माग टेंपोत चढवले तेव्हा वाटलं होतं
तीही जाईल त्यांच्याबरोबर.
ती तिथंच, उंबऱ्यात.
आता ह्या आवाजाच्या मागे जाऊन उभी राहिली,
पडद्याआड पाहुण्यांसमोर उभी राहते तशी नवी सून,
आहे, पण नाही.

"काका, ह्यात नॉईज आहे," बसलिंगचा चेहरा पडला,
"क्वालिटी नाही ह्याला."
मी म्हटलं, गाणं पुन्हा संपव.
संपवलं.
अजून एकदा.
दस्तगीर बाहेर आला, माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं.
अडीच हजार, म्हणाला, जरा लाजूनच,
पण परत आणायचा नाही.

रविवारी खानापूर रस्त्याला लागलो.
मच्छे मागे पडलं तसं पहिलं गाणं संपलं.
नीलव्वानं काच खाली केली, वर केली,
वाकून पायाखाली बघितलं.
काहीतरी गळतंय का ओ?
तिच्या ओठांवरून वाचलं मी.
गळू दे, म्हटलं,
आणि पुढचं गाणं यायच्या आत
बोट लावून थांबवलं.