पुत्निक

रियेका. फेब्रुवारी. रात्रीचे अडीच.
बोट-कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर एक हीटर आणि मी.
बाहेर बुरा सुटलाय.
इथल्या वाऱ्याचं नावच बुरा,
डोंगरावरून उतरतो
आणि बोटींना धक्क्याशी दावणीला बांधतो.

पुढे वेब सर्व्हर, गल्ल्यावरच्या पोरासारखा तोंडाळ,
येईल त्याला विचारतो: कुठे, कधी, किती जण.
तिकिटातलं त्याला ओ की ठो कळत नाही.
मागे जावाचा कंटेनर, जाडजूड, घुमा.
त्याच्या पोटात बीन्स राबतात,
एक जागा अडवून धरते, एक पैसे मोजून घेते,
आणि एकीचं बिनसलं
तर सगळ्यांचं केलेलं न केलेलं होतं.
तो गिऱ्हाइकाचं तोंड पाहत नाही.

या दोघांना एका छपराखाली नांदवायचं,
एकाच प्रोसेसमध्ये, एकाच मेमरीत.
नेवियाने करारात लिहिलं: तीन दिवस.
आज अकरावा.

तसे नांदतात.
याने हाक मारली की तो ओ देतो.
पण त्याने हातात ठेवलेलं याने उघडलं
की लॉगमध्ये तीच ओळ, कोडगी:

'पुत्निक'ला 'पुत्निक' मानता येत नाही.

पुत्निक म्हणजे प्रवासी.
मी अक्षरं जुळवली. बाइट मोजले.
फाइल तीच, तारीख तीच, लिहिणारी मीच.
दोनदा बंद करून चालू केलं, मग तिसऱ्यांदा,
आपण देवाला पुन्हा नमस्कार करतो तसं,
मघाचा पोचला नसेल म्हणून.

बार्बा ओरेस्ते किल्ल्या वाजवत वर आला.
बहात्तर वर्षांचा रखवालदार, थर्मासात काळी कॉफी.
जावा हे त्याच्या लेखी एक बेट,
जिथे आपली बोट जात नाही.
खांद्यावरून वाकून त्याने ती ओळ वाचली,
तिचा अर्थ विचारला,
आणि म्हणाला, हे माझ्या बाबतीत झालेलं आहे.

तेव्हा सरहद्द नदीतून जायची.
अलीकडे फ्युमे, इटलीचं. पलीकडे सुशाक, युगोस्लाव्हियाचं.
मध्ये एवढासा पूल, दोन टोकांना दोन चौक्या,
दोन चौक्यांत दोन वह्या.
आत्या पलीकडे राहायची, गुरुवारी तिच्याकडे दूध पोचवायचं.
एका गुरुवारी पलीकडचा शिपाई नवा होता.
त्याने आपली वही उघडली.
नाव तेच. बापाचं नाव तेच.
कानामागचा तीळसुद्धा लिहिलेला.
म्हणाला, तू त्या वहीतला ओरेस्ते.
आमच्या वहीतला वेगळा.

मग?
मग काय. दूध नासलं.

त्याने कॉफी ओतली, मला अर्धी, स्वतःला थोडी जास्त.

मी फडताळं उघडली.
पोराच्या फडताळात एक जार. घुम्याच्या फडताळात तीच जार.
दोघांनी आपापल्या प्रतीतून
आपापला पुत्निक वाचून घडवला होता,
आणि दोघेही शपथेवर खरे बोलत होते.

पोराची प्रत पुसली. घुम्याचीही.
वर, दोघांच्या डोक्यावरच्या सामायिक कप्प्यात
एकच ठेवली.
आता नाव निघालं की आधी वर विचारायचं,
स्वतःचा कप्पा नंतर.
एवढंच. अकरा दिवस, आणि एवढंच.

चार वाजून दहा मिनिटांनी सगळं परत उभं केलं.
चाचणीसाठी नाव हवं होतं.
मी टाकलं: ओरेस्ते. क्रेस. प्रौढ. एक.
याने विचारलं, त्याने जागा धरली,
पैसे मोजले, तिकीट याच्या हाती दिलं,
याने ओळखलं.
प्रिंटर खोकला. आसन क्रमांक सात.

बार्बाने तिकीट दिव्याखाली धरून
आपलं नाव दोनदा वाचलं,
घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.
क्रेसला जाणार? मी विचारलं.
तिथे माझं कोण आहे, तो म्हणाला.

सहाला नेवियाचा फोन.
चालतंय का?
चालतंय.
मग खिडकीवर गर्दी कसली?
बुरा. सगळ्या फेऱ्या रद्द.
ती थोडा वेळ गप्प.
मग म्हणाली, पैसे परत करायचं लिहिलंयस ना?

मी खुर्ची पुन्हा पुढे ओढली.