गो, नो-गो

सातपूरच्या शेडमध्ये सोळा वर्षं
माझ्या हातात एक गेज आहे, दोन टोकांचं.
एक टोक भोकात जायला हवं,
दुसरं जायला नको.
एक गेलं, दुसरं अडलं : माल पास.
दोन्ही गेली : लाल ट्रे.
लाल ट्रेतून परत काही येत नाही.

आडनाव पगार. हेमांगी पगार.
यावरचे सगळे विनोद शेडमध्ये करून झालेत.

राजीनामा फोनमध्ये आहे.
‘महोदय,’ एवढाच.
त्या स्वल्पविरामानंतर
मागचा सिंहस्थ येऊन गेला.
तेव्हा म्हटलं, गर्दी ओसरू दे.
मग ओजसची पहिली, मग पाथर्डी फाट्याचा फ्लॅट,
मग इन्क्रिमेंट, मग इन्क्रिमेंटचा फरक,
मग पितृपक्ष, त्यात कोण नवं काही करतं?
आणि लगेच दिवाळी. बोनस सोडून कोण जातं?
आता पुढच्या सिंहस्थासाठी रस्ते खणलेत
आणि माझा स्वल्पविराम तिथंच,
घाटावर कुणीतरी विसरलेल्या टॉवेलासारखा.

आळस म्हणू नका. आळशी माणूस झोपतो तरी.
मी रात्री दोनला उठून
हप्ता, फी, किराणा, आईंच्या गोळ्या
त्याच क्रमाने पुन्हा मांडते,
आणि घाबरते,
कारण बेरीज बरोबर येते.
हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

रविवारी भद्रकालीत जाते.
विश्राम गुरव पेट्या दुरुस्त करतात.
चार वर्षांपूर्वी सासऱ्यांची पेटी टाकायला गेले
आणि तिथंच स्टुलावर बसून राहिले.
पहिल्यांदा नुसती बघायचे.
मग भात्याला कागद चिकटवला, पट्ट्यांचं बनात बदललं.
सुरांना मात्र हात लावला नाही.
मामा कानस पुढे करायचे,
मी म्हणायचे, पुढच्या रविवारी.

या जानेवारीत पारा सहावर.
शटर अर्धंच वर.
मामांचा हात कापत होता. थंडी, म्हणाले. थंडी नव्हती.
समोर चांदवडच्या भजनी मंडळाची पेटी,
कोमल गांधार सर्दी झाल्यागत.
कानस माझ्या मांडीवर ठेवली. घे.
किती घासायचं, विचारलं. माप काय?
माप असतं तर तुमच्या कंपनीतच नसतं का केलं?
आणि जास्त गेलं तर?
त्यांनी बशीतला चहा फुंकला.
जाणारच. टोकाशी घासलं की चढतो,
मग मुळाशी खरवड, उतरेल.
दहादा इकडून तिकडे जातो.
पितळ आहे बाई, पाप नाही.

टोकाशी. मुळाशी.
इथंही दोनच,
पण मी सगळं दुकान नजरेने धुंडाळलं,
लाल ट्रे कुठे दिसला नाही.

घासलं. जास्त गेलं.
गांधार शुद्ध व्हायला निघाला, मामा हसून खोकले.
खरवडलं. खाली घसरला.
पुन्हा टोक. पुन्हा मूळ.
समोरचा भांडीवाला जेवून आला.
नखात पितळेची पूड.
आणि मग कधीतरी
शेजारच्या सुराशी लागताना होणारी ती थरथर
थांबली.
मी भाता सोडायचाच विसरले.
मामा म्हणाले, पुरे, आता पेटीला झोपू दे.

सोमवार, पहिली शिफ्ट.
कंपनीची बस एबीबी सर्कलच्या सिग्नलला.
बोटांना अजून पितळेचा वास.
फोन काढला.
‘महोदय, मी हेमांगी पगार’
इथे मला हसू आलं. आडनाव तेवढं राहील.
सिग्नल सुटेपर्यंत वाक्य पुरं केलं, एकच.
शुद्धलेखन तपासलं नाही.
पाठवलं.

भीती होतीच.
शेडमध्ये शिरताना, सवयीने,
तिलाही गेज लावून पाहिलं :
एक टोक गेलं,
दुसरं अडलं.