खारपाण

आमच्या गावचं पाणी चहा फाडतं.
डाळ तीन तास रटरटते, तरी दाताखाली खडा.
हंड्याच्या बुडाला पांढरी खपली,
राखेनं घासा, चिंचेनं घासा, चार दिवसांत पुन्हा तिथेच.
पूर्णाकाठची माती अशीच आहे;
खोल जावं तितकं खारं.

कडू पाण्यात लाकूड टाकलं नि पाणी गोड झालं,
असं संडेस्कुलात ऐकून
आठ वर्षांची मी हापशीच्या डबक्यात
निंबाची फांदी टाकून आले होते.
दुपारभर वाट पाहिली.
शेवटी कोणाची तरी बकरी येऊन फांदी खाऊन गेली.

रूबेननं घराच्या पत्र्याखाली टाकं बांधलं
त्याच साली चर्चचं छत दुरुस्त झालं,
आणि अकरा पोती सिमिट हिशेबात बसेना.
शमुवेल तायडे पंचांपुढे उभा राहिला.
म्हणाला, "टाकं पाहा जाऊन."
तीन शब्द.
माझा माणूस ते घेऊन सहा वर्षं जगला,
मग नाही जगला.
सिमिटचं काय झालं, मला आजही ठाऊक नाही.
मी रूबेनला कधी विचारलं नाही.
विश्वास होता म्हणून, की भीती होती म्हणून,
हे तूच सांग.

चर्च सोडलं नाही मी.
शेवटच्या बाकावर, चपलांजवळ, पंख्याच्या वाऱ्याबाहेर.
दर रविवारी सतरंज्या झटकल्या,
तो बसायचा तीही.
फक्त तुझ्या प्रार्थनेतली ती एक ओळ आली
की ओठ मिटून घ्यायचे.
सगळी मंडळी म्हणत असताना
एका बाईचं गप्प राहणं कोणाला ऐकू जातं?
तुला जात असेल.
तूही काही बोलला नाहीस, नऊ वर्षं.

औंदा मे महिन्यात शिफ्रा आली, त्याची सून.
कडेवर रिकामी कळशी.
"मोठीमाय, मामंजीले किडनीचं निंगालं.
डाक्टर म्हनते हापशीचं बंद करा.
तुमच्या टाक्यातलं..."
आणि तिथेच थांबली.
कोणतं टाकं, हे तिलाही माहीत होतं.

आधी मला हसू आलं. खरं सांगते.
मग दोर सोडला.
पहिल्या दिवशी अर्धीच कळशी भरली,
आणि उरलेल्या अर्धीनं रात्रभर झोपू दिलं नाही.
दुसऱ्या दिवशी काठोकाठ.
हात थरथरत होते, ते काही मायेनं नव्हे;
टाक्यात गुडघाभर पाणी उरलं होतं
आणि मृग लांब होता.

रोज तुला विचारते, ही क्षमा आहे
की नुसतं पाणी?
तू म्हणतोस...
नाही, तू काही म्हणत नाहीस.
कळशी मात्र रोज येते.

काल त्याला खुर्चीवर बसवून आणलं.
सुजलेले पाय, पुढे जागा नव्हती,
म्हणून माझ्याच बाकाशेजारी, चपलांजवळ.
ती ओळ आली.
घसा जुन्या हापशीसारखा खोकला,
आधी हवा, मग गंज,
मग अर्धी ओळ वर आली.
अर्धी खालीच राहिली.

शिफ्राच्या कळशीलाही बुडाशी खपली धरली आहे.
चिंच भिजत घातली आहे मी.
आली की म्हणेन, बस जरा.