सुटे फर्मे

खेतवाडीच्या नवव्या गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत
आबा बांधणी करायचे. आता मी करते.
खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद टाकायचा,
कसर लागत नाही.
हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नाही.

पुस्तकं रोजच यायची,
पण पुस्तक म्हणून कुठं बघत होते मी त्यांच्याकडे?
जाडी बघायची. शिवण बघायची. पाठ किती मोडलीय ते.
वाचनालयाचा शिपाई तुळशीदास गोणी टाकून जायचा:
कादंबऱ्या वेगळ्या, ‘इतर’ वेगळी.
कादंबऱ्यांची घाई असायची, त्यांच्यासाठी माणसं खोळंबलेली.
‘इतर’साठी कुणी खोळंबत नसे.
ती शिकंज्याखाली पडून राहायची,
त्यांच्यावर मी चहाचा कप ठेवायची.

एका दुपारी दोरा संपला.
समोरचं दुकान जेवायला बंद. हातात एक सुटा फर्मा,
पान एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस.
मधमाश्यांचा होता.
एक माशी पोळ्यावर परत येते आणि नाचते,
आणि त्या नाचात फुलांचा पत्ता असतो,
किती लांब, सूर्याच्या कुठल्या अंगाला.
शेवटच्या ओळीत माशी अर्ध्या वळणात होती
आणि फर्मा संपला.

पुढची सोळा पानं शोधायला
मी अख्खी गोणी जमिनीवर ओतली.

तेव्हापासून हे असं.
शिवता शिवता वाचते, अधलीमधली, जे सुटं होऊन येईल ते.
सुरुवात माहीत नसते, शेवट दुसऱ्या ढिगात.
हाताच्या पंजात सत्तावीस हाडं असतात म्हणे.
आबांनी बावन्न वर्षं ती वापरली,
एकाचंही नाव न विचारता.
अंगठ्याच्या मुळाशी मला जे ठणकतं
तिथला सांधा खोगिरासारखा असतो.
हे कळल्यावर दुखणं गेलं नाही,
पण रात्री मी ते जरा मानानं चोळलं.
दुष्काळी कामांवरच्या मजुरीचा एक तक्ता होता,
त्यात बायकांचा रकाना पुरुषांच्या रकान्याहून अरुंद.
तो तक्ता मी चुकून दोनदा शिवला.
चुकून म्हणजे, पुन्हा बघायचा होता.

मग मुनाफ परकार आले.
भांडुपला पाण्याच्या पंपावर रात्रपाळी करतात.
पुस्तकाच्या आतल्या शिक्क्यावरून पत्ता काढला,
आणि जिन्याखाली वाकून उभे राहिले.
काखेत धरणांचं पुस्तक. मीच बांधलेलं.
“ताई, सांडव्यापर्यंत नीट आलो,” म्हणाले,
“पान उलटलं तर माश्या.”

माझे कान तापले.
एकशे बारानंतर एकशे तेरा. आकडे जुळले,
त्या दिवशी मी आकड्यांपलीकडे काही बघितलंच नव्हतं.
आबांनी असला फर्मा आयुष्यात शिवला नसता.
मी कात्री घेतली.
पैसे लागणार नाहीत, म्हटलं, आत्ता उसवून देते.

त्यांनी पुस्तक मागं ओढलं.
“उसवा नंतर. तीन रात्री मोटरीच्या आवाजात वाचलंय हे.
ती माशी वळून कुठं गेली ते सांगा आधी.”

मी सांगितलं. मला येत होतं तेवढं,
हातातल्या सुईनं हवेत आकडा काढून.
त्यांनी मान तिरकी करून बघितलं, सूर्य कुठं ते विचारलं.
जिन्याखाली कुठला सूर्य? बल्ब दाखवला.

धरणाचा खरा फर्मा आता मधमाश्यांच्या पुस्तकात आहे.
ते पुस्तक तुळशीदासनं केव्हाच नेलं.
त्याला विचारलं, तर त्यानं वही चाळून नाव सांगितलं:
ग्लोरिया मिस्किटा, मनोरी. मुदत उलटून गेलीय.
तिच्या मधात मधेच सांडव्याचं पाणी सुटलं असेल.
तक्रार अजून आलेली नाही.