उचल

बाबा वरातीत उलटे चालायचे.
तोंड बँडकडे, पाठ रस्त्याकडे.
आर्वीपासून नऊ मैल आत, बोरखेडी,
न्यू खंडारे ब्रास बँड,
अकरा माणसं, नऊ कोट.
बिनकोटाचे दोघं मधल्या रांगेत, अंधारात.

माय डोक्यावर गॅसबत्ती घेऊन बाजूनं.
ओठ न हलवता सांगायची:
खड्डा हाय.
शेण हाय.
आता वळण, डावीकडं.
बाबांच्या हातात पऱ्हाटीची सोललेली काडी,
लोकांना वाटायचं काडीच बँड चालवते.

दुसरी बत्ती माझी. वय अकरा.
चुंबळ हलू द्यायची नाही, म्हणून मान वळवायची नाही.
क्लॅरिनेट डाव्या कानाला, बॅस उजव्या,
कोण दमलं, कोण प्यालेला, कोण उगाच गाल फुगवतोय,
सगळं न बघता कळायला लागलं.

मिशन दवाखान्याच्या मेट्रनबाईंकडे पायपेटी होती.
त्यांनी कागदावर पाच ओळी दाखवल्या.
मी म्हटलं, बाई, हे तर तास आहेत,
सरत्यातून बी कधी तासात पडतं, कधी मधेच.
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, मधे पडलेलंही उगवतं.

मग शहरात व्हायोलिनच्या शेवटच्या बाकावर
सोळा वर्षं. पानं उलटायचं काम माझं.
पुढे एका परक्या, थंड गावात
कंडक्टर तापानं आडवा झाला
आणि कुणीतरी विचारलं, सिंफनी पाठ आहे कुणाला?
मी हात वर केला.
तो अजून पुरता खाली आलेला नाही.

सुरुवातीला चेलोवाले माझ्याकडे बघत नसत,
पहिल्या व्हायोलिनकडे बघत.
एका नगरात दाराशी मला चहाचा ट्रे दिला, आत न्या म्हणून.
मी नेला. चहा थंड होत होता.
मग जाऊन चौथऱ्यावर उभी राहिले.
ओरडले नाही. हात लहान केले.
हात लहान केले की माणसं डोळे मोठे करतात.
हे मला कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं,
वरात मसणवटीजवळून जायची तेव्हा बाबा तसं करायचे.

माय म्हणायची, मानसाले पाठ दाखवू नये, पंचशीला.
मी त्याचाच पगार घेते.

पहिल्या सुराआधी एक इशारा असतो.
हात वर, श्वास आत,
वाजलेलं अजून काहीच नसतं.
जर्मनांकडे त्याला शब्द आहे.
मी मनात उचल म्हणते.

दिवाळीच्या तोंडावर बाबा ओट्यावर वही घेऊन बसायचे,
न वाजवलेल्या वरातींचे पैसे वाटायला.
दौलत बॅसवाला अंगठा उठवून
त्याच बाजाराला पोरीसाठी चप्पल आणायचा.
ती चप्पल झिजेपर्यंत तो फुंकत राहायचा.
एका साली साइड ड्रमवाला पुंडलिक
उचल घेऊन महिन्याभरात गेला.
बाबांनी वहीत खाडाखोड केली नाही,
दुसरा माणूसही घेतला नाही.
रांगेत त्याची जागा सोडून
अख्खा सीझन चालले.
विश्राम म्हणजे काय, हे विचारणाऱ्या पोरांना
मी ही जागा सांगते. त्यांना वाटतं मी विषय बदलला.

या हिवाळ्यात बोरखेडीच्या बंद जिनिंगमधे
चौतीस वादक बसवले.
पत्र्यातून सरकीचा वास अजून येतो,
ओबोवाल्या पोरीला शिंका थांबेनात.
चौथरा म्हणजे दोन खोके आणि फळ्या,
सुतारानं कठडा केला नाही, बाईला कशाला म्हणाला.
समोरच्या खुर्चीत माय. मोतीबिंदू पिकलेला.
सरपंचांचं भाषण लांबलं,
लाइट एकदा गेली, आली.

मी लोकांकडे पाठ केली.
चौतीस जणांनी वर पाहिलं.
टाच नकळत थोडी मागे सरकली
आणि मागून, ओठ न हलवता कुणी म्हणालं:
मांगं पायरी हाय.

मी हात उचलला.