ती काय खाते

इल्गेनबाईंनी बंदूक आणली उशीच्या अभ्र्यात,
आणि काडतूस, एकच,
चष्म्याच्या घरात.

"आजोबांची. कोठाराच्या फळ्यांखाली सापडली.
पंचेचाळीसला सगळ्यांनी शस्त्रं चौकात नेऊन टाकली,
आमच्याकडे मात्र..."
वाक्य तिथेच सुटलं. झेला-मेलिसमध्ये
बरीच वाक्यं अशी सुटलेली असतात.

तीन नळ्या. वरच्या दोन छर्ऱ्यांच्या, शेजारी शेजारी,
खाली एक, आतून पीळ पाडलेली, रानडुकरासाठी.
नळ्या उतरवून पोटाखालच्या खुणा चिंधीने पुसल्या :
मुकुट, त्याखाली यू, पुन्हा मुकुट, त्याखाली जी,
आणि एकशे छप्पन, बिंदू, चौदा.

आमचे उस्ताद रोम्हिल्ड म्हणायचे,
आकडा घशाचं माप सांगतो, पोटाचं नाही.
या घशाची चार-पाच तरी काडतुसं त्या काळी होती,
खोऱ्याखोऱ्यातला कारागीर आपलंच खरं करणारा.
चुकीचं घातलं तर जाणार नाही.
किंवा जाईल,
आणि मग बोटं जातील.

बाईंचं काडतूस मी आत सोडलं.
खुळखुळत गेलं, अडलं.
दोन बोटं बाहेर.
"जरा जोर लावून बघा ना."
नाही, बाई.

घशात कापडाचा बोळा. गंधक मंद आचेवर.
घाई केली की काळवंडतो, हट्टाला पेटतो;
धीर धरला तर पातळ मध.
ओतला. तो निवेपर्यंत कॉफी प्यालो,
बाई न बोलता, मी उगाच पावसाबद्दल.

मग पुढून गज, हलकी टिचकी,
आणि निघाला पिवळाजर्द, बाटलीच्या घाटाचा,
खांद्यापाशी एकदम आवळलेला,
शंभर वर्षांची पोकळी, हातात घेता येईल अशी.
कॅलिपर लावला. लांबी सत्तावन्न. मान आठची. बुडाला कडा.
हे आजही मिळतं, दुकानात, वीसच्या डबीत.

बाईंचं बाहत्तर लांब, सरळसोट, नऊ पूर्णांक तीनचं.
दोन्ही शेजारी शेजारी ठेवली.

त्या दस्त्यावरची चांदीची पट्टी बघत बसल्या,
नाव घासून काढलेली.
"वरच्या गल्लीत वनरक्षक ट्रिंक्स राहायचे. त्यांना नेलं.
त्यांची बायको दर नाताळात आमच्याकडे हंस पाठवायची,
सोललेला, आत सफरचंदं भरून.
का, ते आम्हांला कुणी सांगितलं नाही."
आणि थोड्या वेळाने,
"मग ही कुणाची?"

ती काय खाते, एवढंच मी सांगू शकतो.

गंधकाचा साचा त्यांनी मागून घेतला.
म्हटलं, टिकायचा नाही, भुगा होईल.
होऊ दे, म्हणाल्या,
आणि चष्म्याच्या घरात ठेवला.
काडतूस बाकावरच राहिलं.

पावती मात्र
आजोबांच्या नावाने फाडायला लावली :
ओस्वीन इल्गेन, एक बंदूक, तपासणी,
पस्तीस युरो.